दप्तर जागे कोण ठेवते?

बँकेच्या नोकरीत असताना दर महिन्याला एक तक्ता वरच्या कचेरीकडे पाठवणे हे माझे काम होते. ठेवी किती, कर्जे किती, थकबाकी किती, कोणत्या पिकावर किती उचल, असे चाळीसेक रकाने त्यात असत. पुढे संगणक आला. तक्त्याला ‘एमआयएस’ असे भारदस्त नाव मिळाले आणि रकाने साठ झाले. एकदा वर्षअखेरच्या धांदलीत मी मागच्याच महिन्याचे आकडे, वरची तारीख तेवढी बदलून, चुकून पाठवून दिले. लक्षात आले तेव्हा पोटात गोळा उठला. आठवडाभर फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. शेवटी मीच दुरुस्त तक्ता पाठवला. त्याचीही विचारपूस झाली नाही.

निवृत्तीनंतर हौसेने मोडी शिकलो आणि पेशवाईच्या कारभाराविषयी वाचू लागलो, तेव्हा हा प्रसंग वारंवार आठवू लागला. कारभार करणाऱ्याला निर्णय घ्यायचा तर माहिती हवी, आणि ती वेळेवर, जुळवून, थोडक्यात हवी, हे काही संगणकाने शोधून काढलेले नाही. अठराव्या शतकात पुण्यात यासाठी एक मोठी यंत्रणा राबत होती. तिचे नाव हुजूर दप्तर. ती कशी चाले, आणि विशेषतः ती कशाने थांबली, हे आपण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

दप्तर म्हटले की आपल्यापुढे धुळीने भरलेले रुमाल उभे राहतात. पण त्या काळी ते वाहते पाणी होते. गावात कुलकर्णी लिही, परगण्यात देशपांडे लिही, मामलेदाराच्या कचेरीत त्याचे कारकून लिहीत, आणि हे सारे अखेर पुण्याला येई. पुण्यात फडणिसांच्या देखरेखीखाली ‘चालते दप्तर’ असे. सनदा, हुकूम, परगण्यांचे हिशेब, सरंजामांच्या नोंदी हे रोजचे काम तिथे चाले. त्याखेरीज ‘एकबेरीज दप्तर’ हे दुसरे मोठे खाते होते. तारखेवार लिहिलेल्या रोजकीर्दीवरून तिथे खतावणी होई, म्हणजे एकेका विषयाची रक्कम एकेका खात्याखाली येई. खतावणीवरून तर्जुमा निघे. साऱ्या वर्षाच्या जमाखर्चाचा तो गोषवारा. रोजकीर्द कारकुनासाठी, खतावणी हिशेबनिसासाठी आणि तर्जुमा कारभाऱ्यासाठी, अशी ही चढती मांडणी होती. ज्याला जेवढे पाहायचे त्याच्यापुढे तेवढेच ठेवावे, हा विचार तिच्यात स्पष्ट दिसतो. या कामावर एकेकाळी दोनशेच्या वर कारकून होते.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद म्हणजे ‘अजमास’. वर्षाच्या आरंभी परगण्याचा वसूल किती यावा आणि नेमणुकीचे खर्च किती जावेत याचा अंदाज मांडला जाई. वर्ष सरले की मामलेदाराने आपला हिशेब रुजू करायचा. मग अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी येत, आणि प्रश्न सुरू होत. तूट का आली? पाऊस पडला नाही, की फौजेच्या तळाने पिके तुडवली, की गाव परागंदा झाला? उत्तर पटले तर सूट मिळे. उजाड गावाला कौल देऊन पहिली काही वर्षे हलका आणि पुढे चढता सारा, म्हणजे इस्तावा, ठरवून दिला जाई. पेशव्यांच्या रोजनिशींचे जे उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले, ते चाळताना असे हुकूम जागोजाग भेटतात. रयतेला दिलेल्या सवलतीच्या मागे उभा असतो तो एक जुळवून पाहिलेला हिशेब.

हिशेब खरा कशावरून? यालाही उपाय योजलेला होता. मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. शिवाय मामलेदाराचा हिशेब देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहिला जाई. एकच बातमी दोन वेगळ्या वाटांनी पुण्यात पोचावी, ही त्यामागची युक्ती.

या यंत्रणेचे कौतुक करताना तिचे व्यंग झाकू नये. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात एक गमतीची पण बोचरी गोष्ट सांगितली आहे. मामलेदार जो ‘दरबारखर्च’ दाखवीत, तो मुळात पुण्यातल्या मंत्र्यांना आणि हिशेबतपासनिसांना चारलेला पैसा. हळूहळू त्या लाचेचा दस्तूर झाला आणि तीही हिशेबात रीतसर तपासली जाऊ लागली. पण लाच तर पुन्हा द्यावीच लागे, म्हणून तिच्यासाठी रयतेकडून आणखी वेगळी वसुली होऊ लागली. कागद चोख होता, बेरीज बरोबर होती आणि तरीही त्याच्याआड एक दुसरा हिशेब चालू होता. आकडा बरोबर असणे आणि खरा असणे या दोन गोष्टी निराळ्या.

तरीसुद्धा हे दप्तर काम करीत राहिले, कारण वर बसलेल्या माणसाला त्याची गरज होती. नाना फडणीस हे मुळात हिशेबाच्याच घरातले. फौज त्यांच्या हाताशी नव्हती, कागद होता. कोणाकडे किती येणे आहे आणि कोणाच्या सरंजामावर किती बोजा आहे, हे ज्याला ठाऊक त्याचा शब्द चालणारच. दप्तराच्या रीतीत त्यांनी सुधारणाही केल्या. १८०० साली ते वारले.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत काय झाले हे मॅक्लाउड या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. दप्तराकडे जवळजवळ संपूर्ण दुर्लक्ष झाले. ज्याला वाटेल त्याने आत शिरावे आणि कागदांचे वाटेल ते करावे, अशी स्थिती आली. पुष्कळजण याचे कारण बाजीरावाच्या स्वभावात शोधतात. मला ते महसुलाच्या नव्या पद्धतीत दिसते. मामलत आता अनुभवी माणसाला सोपवली जात नव्हती. पेशव्याच्या भोवतालच्या मंडळींत तिची चढाओढ लागे आणि जो जास्त बोली करील त्याला मक्ता मिळे. पुढच्या वर्षी त्याहून मोठी बोली आली की परगणा दुसऱ्याच्या हाती. मक्तेदार पोटमक्ते देई आणि शेवटी सारा भार कुणब्याच्या पाठीवर पडे.

आता विचार करा. मक्त्याची रक्कम ठरली की अजमास कशाला हवा? तूट का आली हे विचारायचे कारणच उरले नाही, कारण तूट मक्तेदाराची. पाऊस पडो न पडो, हुजुरातला आकडा ठरलेला. तिजोरीत भरणा होत राहिला, किंबहुना बाजीरावाने पुष्कळ धन साठवले. पण गावात काय चालले आहे हे कळण्याची वाट बुजली. दप्तर आगीने किंवा वाळवीने मेले नाही. निर्णयच लिलावात निघाला, आणि मग त्यासाठी लागणारी माहिती निरुपयोगी ठरली.

याच कागदांचा पुढचा जन्म आपल्या भागाला चांगलाच ठाऊक आहे. एप्रिल १८१८ मध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. पुण्यात इंग्रजांनी इतस्ततः झालेले दप्तर गोळा करून जपले. त्यांच्याजवळ एक नेमका प्रश्न होता : कोणाची जमीन खरोखर इनाम आहे आणि कोणाची सरकारजमा करता येईल? १८४३ साली इनामांची चौकशी सुरू झाली ती दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाडकडेच. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप आले. घरात जपलेली सनद हुजूर दप्तराशी ताडून पाहिली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटी धोक्यात आल्या. जे दप्तर एकेकाळी उजाड गावाला कौल देण्यासाठी उघडले जाई, ते आता जमीन काढून घेण्यासाठी उघडले गेले. अक्षर तेच होते. प्रश्न बदलला होता.

पुढे गो. स. सरदेसायांनी तिसरा प्रश्न घेऊन ते रुमाल सोडले आणि १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत निवडक कागद छापले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांतून राज्य दिसले. दप्तर विचारणाऱ्याला उत्तर देते. विचारणारा कोण असावा हे ठरवणे त्याच्या हाती नसते. ज्या सीमाभागाचे भवितव्य खानेसुमारीच्या रकान्यांवर घासून पाहिले गेले, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आज प्रत्येक कचेरीत पडद्यावर आकडे धावत असतात. हुजूर दप्तराच्या दोनशे कारकुनांचे वर्षाचे काम क्षणात होते, आणि ते व्हावेच. पण अशा एखाद्या कचेरीत गेलो की मला तिथला संगणक किती वेगाचा आहे हे विचारावेसे वाटत नाही. गेल्या महिन्यात एखादा आकडा पाहून वरच्या साहेबांनी ‘हे असे का?’ म्हणून फोन केला होता का, एवढेच विचारावेसे वाटते. माझ्या त्या चुकलेल्या तक्त्यात थकबाकीचा एक रकाना होता. त्या वर्षी आमच्या भागात पाऊस कमी झाला होता. फोन आला असता तर चूक माझी निघाली असती, बोलणीही खावी लागली असती. पण त्याच फोनवर पावसाचे सांगता आले असते.