आणि त्याच्या वारसांची

ईस्टरच्या आदल्या रात्री आई झेंडूची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. पिशवीत मेणबत्त्या, काडेपेटी, जुना दाढीचा ब्रश, काळ्या रंगाची छोटी डबी आणि ‘उपासना संगीत’चं पुठ्ठा निसटलेलं पुस्तक. पहाटे कांजूरमार्गाच्या फलाटावर अंधार असायचा. कुर्ल्याला उतरून पूल चढायचा, हार्बरची गाडी पकडायची. चुनाभट्टी, कोळीवाडा, वडाळा, शिवडी. दफनभूमीचं फाटक उघडायच्या आधीच आम्ही तिथं उभ्या असायचो. आत शिरलं की आई बोलणं थांबवून पावलं मोजू लागायची. फाटकापासून सरळ किती, मग उजवीकडे किती, वाटेत कोणतं झाड. वडील १९८४च्या मार्चमध्ये गेले, तेव्हापासून ही मोजणी सुरू झाली. पहिली दोन वर्षं कबरीवर दगड नव्हता, नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. पावसाळ्यात सगळे उंचवटे सारखेच दिसतात.

आम्ही मूळचे नगरकडचे, नेवाशाच्या बाजूचे. ईस्टरला उजाडायच्या आत आपल्या माणसांच्या कबरीवर जायचं ही पद्धत आईनं तिकडून आणली. रिकाम्या कबरीपाशी बायका भल्या पहाटे गेल्या होत्या, म्हणून आपणही पहाटेच जायचं, एवढंच तिचं म्हणणं. नगरला सगळं गाव जमतं, कबरींना चुना लागतो, गाणी होतात. मुंबईत आम्ही दोघीच असायचो, पण गाणं तिनं कधी सोडलं नाही.

पहिल्याच वर्षी मी तिला विचारलं होतं, आपली माणसं इतकी लांब का? आम्ही राहतो त्या कांजूरमध्ये ख्रिस्ती माणसं आमच्या कितीतरी आधीपासून आहेत. कांजूर गावातले ईस्ट इंडियन पोर्तुगीज काळापासूनचे ख्रिस्ती. त्यांच्या जुन्या गल्ल्यांतले क्रूस, त्यांवरच्या झेंडूच्या माळा मी लहानपणापासून पाहिल्या. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजानं घेतलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. घरातली भाषा मात्र मराठीच राहिली. आमच्या ओळखीच्या एक आजी अखेरपर्यंत लुगडं नेसत. दोन नोव्हेंबरला, ऑल सोल्सच्या दिवशी, त्या आपल्या धर्मग्रामाच्या सिमेट्रीत जाऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी परत यायच्या. त्यांची माणसं चर्चच्या सावलीत. आम्ही मराठी प्रॉटेस्टंट, कामधंद्यासाठी आलेले. वडील आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. रस्त्याला लाल बहादूर शास्त्रींचं नाव लागलं तरी ते आग्रा रोडच म्हणत. आमच्यासारख्यांची जागा शिवडीला.

शिवडीची जागा कशी झाली हे मी पुढे वाचून काढलं. फोर्टातल्या ऑफिसात टायपिस्ट होते, जेवणाच्या सुट्टीत वाचायला वेळ मिळे. एक गोष्ट आधी लक्षात आली. मुंबई जसजशी वाढली तसतशी ती आपल्या मेलेल्यांना पुढे ढकलत गेली. इंग्रजांची पहिली दफनभूमी मेंढॅम्स पॉइंटला, आजच्या कुलाबा-कूपरेजच्या बाजूला, समुद्राच्या कडेला होती. तिथं पहिला पुरला गेलेला इंग्रज मेंढॅम, म्हणून ते नाव. त्या काळी मुंबईत आलेल्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच पडली होती. हवा, पाणी, ताप. तरुण कारकून, शिपाई, बाळंतिणी आणि त्यांची बाळं तिथं गेली. १७६०च्या दशकात किल्ल्याच्या संरक्षणासाठी मोकळी जागा हवी झाली, तेव्हा ती थडगी पाडली आणि नवी जागा घेतली ती गिरगावच्या बाजूला, सोनापुरात.

सोनापूर हे नाव मराठी माणसाला सांगायला नको. मुंबईत तो शब्द स्मशानाचाच झाला. भांडुपला शास्त्री मार्गावर आमच्या बाजूलाही एक सोनापूर आहे. बसचा कंडक्टर ते नाव पुकारतो आणि लोक भाजी घेऊन उतरतात. लहानपणी मला वाटे की सोनं पुरलंय म्हणून सोनापूर. शेजारच्या उत्तर भारतीय काकूंनी सांगितलं की सोना म्हणजे झोपणं. मला तेच पटलं, कारण आमच्या दगडांवरही तसंच कोरतात: ‘प्रभूमध्ये निजले’. सिमेट्री हा शब्दसुद्धा मूळ ग्रीक, अर्थ झोपायची जागा. पोर्तुगीज, इंग्रज, आम्ही, सगळ्यांनी एकच शब्द आपापल्या तोंडानं म्हटला.

पुढे सोनापूरच्या भोवती वस्ती दाटली. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले, तेच मंडईवाले. त्याच वर्षी त्यांनी शिवडीची जागा दफनासाठी घेतली. तिथं आधी कृषी-उद्यान सोसायटीची वनस्पतींची बाग होती. बागेचं स्मशान झालं, म्हणून आजही तिथं सावली आहे. चैत्रात परळच्या बाजूनं चालत येताना डोकं तापतं आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की गार वाटतं. आई म्हणायची, तुझ्या बाबांना कारखान्यात भट्टीपाशी कधी सावली मिळाली नाही, ती इथं मिळाली.

त्या सावलीत कोण कोण आहे हे कळायलाही मला वर्षं लागली. व्ही.टी. स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत ज्यांनी उभी केली ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथं आहेत. १९०० साली मलेरियानं गेले. मी तीस वर्षं रोज सकाळी त्यांच्या घुमटाखाली उतरले, वर मान करून पाहिलं नाही आणि शेवटी त्यांच्या नावाशी गाठ पडली ती शिवडीत. जॉर्ज विटेट १९२६ साली गेले, तेही इथंच. गेट वे ऑफ इंडिया त्यांचं, म्युझियम त्यांचं, आणि परळचं के.ई.एम. हॉस्पिटलही त्यांचंच. वडिलांचे शेवटचे अकरा दिवस के.ई.एम.मध्ये गेले. त्या लांब व्हरांड्यात, उंच छताखाली मी आणि आई रात्री बाकावर बसून काढायचो. त्या भिंती ज्यानं आखल्या तो माणूस आणि त्या भिंतींआड गेलेला माझा बाप एकाच कुंपणाच्या आत आहेत, हे कळल्यापासून मी त्यांच्यासाठीही दोन फुलं बाजूला काढते.

कवी डॉम मोराईस २००४ साली इथं आले. त्यांच्या कबरीतली मूठभर माती पुढच्या वर्षी, त्यांच्या वाढदिवशी, इंग्लंडमधल्या ऑडकूम नावाच्या खेड्यात नेऊन ठेवली. तिथूनच त्यांना आवडणारा जुना प्रवासी थॉमस कोरिएट निघाला होता आणि सुरतेला येऊन मेला होता. माती न्यायची, माती आणायची. आपल्याकडे गंगेचं पाणी गडूत भरून आणतात, त्याच जातीची ही ओढ.

आमच्या मराठी ख्रिस्ती माणसांच्या कबरींचा इतिहास मात्र संगमरवरी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले. १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडून परतताना वाटेतल्या एका खेड्यात कॉलऱ्यानं गेले. पेटी नव्हती, घोंगडीत गुंडाळून मातीत ठेवलं. आमच्या पंथाची सुरुवातच अशी बिनपेटीची. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर दफनच नको म्हटलं. त्यांच्या इच्छेप्रमाणे १९१९ साली दहन झालं, अस्थी नगरला गेल्या. वडील टिळकांचे भक्त. पण स्वतःविषयी ते एकदाच बोलले: मला जाळू नका, मला पत्ता राहू द्या.

या ‘पत्ता’ शब्दाचा अर्थ मला वसईत कळला. ऑफिसच्या सहलीत वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. पडक्या चर्चांच्या जमिनीत मोठमोठ्या शिळा बसवल्या आहेत, त्यांच्यावर पोर्तुगीज अक्षरं. मुलं त्यांच्यावरून पळत होती. आमच्याबरोबरच्या वसईकर मैत्रिणीनं बोट ठेवून एक ओळ समजावली. ही अमक्याची कबर, आणि त्याच्या वारसांची. जवळजवळ तीच भाषा पुढच्या शिळेवर, त्याच्या पुढच्या शिळेवर. म्हणजे ही जागा एकाची नव्हेच. घर बांधताना पुढच्या पिढीची खोली काढून ठेवावी तशी जमिनीखालची खोली. बाप गेला, शिळा उचलली. मुलगा गेला, पुन्हा उचलली. मग १७३९चा मे आला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तह झाला, पोर्तुगीज कुटुंबं सामानसुमान घेऊन बोटींत बसून गेली. शिळा न्यायच्या नव्हत्या. वारसांसाठी राखलेल्या जागांवरचे वारसच गेले. आपल्या शाळेत तो विजयाचा धडा होता आणि मला त्याचा अभिमान आहे. तरी त्या दिवशी त्या अक्षरांवर पाय द्यायचं मला झालं नाही. कडेकडेनं चालले.

मुंबईत वारसांची जागा ही गोष्ट मागाहून फार अवघड झाली. माणसं वाढली, जमीन तेवढीच. अनेक चर्चच्या दफनभूमींत आता कायमची कबर मिळतच नाही. ठरावीक काळ गेला की कबर उघडतात, अस्थी गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, कोनाड्यावर नावाची छोटी फरशी लागते आणि मातीची जागा पुढच्या माणसाला मिळते. ज्यांना हे पहिल्यांदा कळतं त्यांना धक्का बसतो. मला यात क्रूरपणा दिसत नाही. वसईच्या शिळेखाली हेच होत होतं, फक्त तिथं पुढचा माणूस त्याच घरातला असे, इथं तो शेजारी आहे. मला सलतं ते दुसरं. मुदत संपली म्हणून कळवायला घरच्यांचा पत्ताच सापडत नाही, किंवा पत्ता सापडतो आणि कोणी येत नाही.

आई २०११च्या जूनमध्ये गेली. वडिलांची कबर उघडून तिथंच तिला ठेवायचं हे आमचं ठरलेलं होतं, तिनंच ठरवलं होतं. दफनभूमीच्या ऑफिसात जुनं रजिस्टर काढलं. नाव, वय, तारीख, विभाग, कबरीचा नंबर. शाई तपकिरी झालेली, पण वडिलांचं नाव स्वच्छ होतं. कागदावर नात्याच्या रकान्यात मी ‘मुलगी’ लिहिलं. पाऊस नुकता सुरू झाला होता. खड्डा काढणारे दोघं भाऊ होते, बापाचंच काम करणारे. थोरल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, अस्थी निघतील, तुम्ही पलीकडे थांबा, लोकांना सहन होत नाही. मी थांबले नाही. सत्तावीस वर्षांनी जे उरलं होतं ते त्यांनी हातानं, घाई न करता, एकेक करून वर दिलं. मी पांढऱ्या कापडात घेतलं. कवटी इतकी हलकी असते हे मला माहीत नव्हतं. दंडाच्या हाडावर जोड होता, कारखान्यातल्या अपघातानंतर नीट न बसलेला. तो हात मी ओळखला. कापडाला गाठ मारून ते गाठोडं आईच्या पायाशी ठेवलं. धाकट्यानं विचारलं, पायाशी की उशाशी? आईचं लग्नापासूनचं भांडण होतं की हे रात्री उशी ओढून घेतात. मी म्हटलं, पायाशीच ठेवा.

मग पाळकांनी प्रार्थना केली आणि माती पडली. माझ्या मनात त्या वेळी वसईची शिळाच होती. अमक्याची, आणि त्याच्या वारसांची.

दगड नवा केला नाही. जुन्या दगडावर वडिलांच्या नावाखाली जागा होती, ती वडिलांच्या वेळी आईनंच मोकळी ठेवायला लावली होती. कोरणाऱ्यानं विचारलं, अक्षर संगणकावर काढून देऊ? मी म्हटलं, वरचं अक्षर हातानं काढलंय, खालचंही हातानंच काढा. अक्षरं सारखी झाली नाहीत. तिचा ‘ई’ थोडा मोठाच आला.

आता ईस्टरला माझ्याबरोबर भाचा येतो. तो ठाण्याला राहतो. ठाण्याहून पहाटेची गाडी पकडतो, मी कांजूरला चढते. माझे गुडघे पूल चढताना कुरकुर करतात, म्हणून डबी आणि ब्रश त्याच्या पाठीवरच्या पिशवीत. दर दोन वर्षांनी अक्षरांत काळा रंग भरावा लागतो. पाऊस धुतो, मग नाव फिकं होतं. यंदा त्यानं भरला. रंग कडेला सांडला तो त्यानं रुमालानं पुसला. बाजूच्या कबरीवर गेली सात-आठ वर्षं कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही. दगडावर एका बाईचं नाव, जन्म बार्शी. उरलेला झेंडू तिच्यावर घातला. भाच्यानं तिच्याही नावात थोडा रंग भरला, मला न विचारता.

निघताना त्यानं मोबाइल काढला. म्हणाला, मावशी, नंबरचा फोटो घेतो, म्हणजे पुढं अडचण नको. फोटो घे म्हटलं. मग त्याला फाटकापर्यंत परत नेलं आणि तिथून पुन्हा आत चालायला लावलं. सरळ एकशे बारा. उजवीकडे एकोणतीस. डावीकडे ते मोठं झाड. तो मोठ्यानं मोजत होता. त्याची पावलं माझ्याहून लांब, त्यामुळे त्याला ब्याण्णवच लागली. मी म्हटलं, चालेल, तू तुझे आकडे पाठ कर.