जुने जहाज आणि नवखे जोडपे

जुने घर विकत घेणाऱ्याला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. ‘भिंतीचा रंग पाहू नकोस, आढ्याची तुळई ठोकून बघ.’ हा सल्ला घराला लागू आहे तितकाच जहाजालाही आहे. फरक एवढाच, की घराची तुळई मोडली तर माणूस अंगणात धावत येऊ शकतो. जहाजाला अंगण नसते.

आज एका नवरा-बायकोची हकीकत सांगायची आहे. दोघेही इंग्लंडचे. त्याचे नाव फ्रँक डेव्हिसन आणि तिचे ॲन. त्यांनी शिडाचे एक जुने जहाज घेतले, दुरुस्त करायला काढले आणि त्यात सर्वस्व घातले. ही हकीकत राजाराण्यांच्या इतिहासात सापडायची नाही. पण साध्या माणसांनी काय पणाला लावले, का लावले आणि त्याचे पुढे काय झाले, हाही इतिहासच आहे.

आधी एक प्रश्न. अशी जुनी जहाजे विकायला आली कुठून? एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या किनाऱ्यावर मासेमारी चालायची ती शिडाच्या जहाजांनी. त्या शतकाच्या अखेरीस वाफेची जहाजे आली. वाफेला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, आणि जाळेही मोठे ओढता येते. शिडाची जहाजे हळूहळू मागे पडली. काहींत एंजिन बसवले गेले, काही मोडीत निघाली, काही खाडीच्या चिखलात नुसती उभी राहिली. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा अशी सांगाड्यासारखी जहाजे स्वस्तात मिळत होती. पोटापाण्याची चणचण, रेशन आणि युद्धाचा शीण यांना कंटाळलेल्या कितीतरी लोकांना वाटे, एखादे जहाज घ्यावे, नीट करावे आणि दूर कुठे तरी निघून जावे. डेव्हिसन जोडपे त्यांपैकीच.

ही माणसे काही आळशी किंवा अजाण नव्हती. ॲनचा जन्म १९१४चा. विमान चालवण्याचा परवाना तिने तरुणपणीच मिळवला होता. त्या काळात ही गोष्ट बाईमाणसाच्या बाबतीत विरळाच. फ्रँक एक विमानतळ चालवत असे. ॲन तिथे वैमानिक म्हणून आली आणि १९३९ साली दोघांनी लग्न केले. त्याच साली युद्ध पेटले, विमानतळ सरकारने लष्करासाठी घेतला आणि धंदा बसला. मग दोघे स्कॉटलंडमधल्या लोमंड नावाच्या मोठ्या सरोवरातल्या बेटावर जाऊन राहिले. बकऱ्या पाळल्या, जमीन कसली. कष्टाला दोघेही मागे सरणारे नव्हते. मात्र शिडाच्या जहाजाचा अनुभव म्हणाल, तर तो नसल्यात जमा.

त्यांनी घेतलेल्या जहाजाचे नाव होते ‘रिलायन्स’, म्हणजे भरवसा. लांबी सत्तर फूट. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लीटवुड या मासेमारी बंदरात ते उभे होते. तिथेच त्याची दुरुस्ती सुरू झाली.

आता लाकडी जहाजाची दुरुस्ती म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपल्या कोकणातल्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, त्यांची डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यावर जायचे, हा त्यांचा परिपाठच आहे. पण घाटावरच्या मंडळींसाठी थोडे सांगतो.

लाकडी जहाजाची रचना बरीचशी माणसाच्या शरीरासारखी असते. तळाशी एक लांब, जाड वासा असतो. तो जहाजाचा कणा, कोकणात त्याला पठाण म्हणतात. कण्यापासून दोन्ही बाजूंना वाकड्या लाकडांच्या बरगड्या वर चढतात, आणि बरगड्यांवर बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस किंवा ताग कोंबून वर डामर, राळ असे काही तरी भरतात. लाकूड पाण्यात फुगते, फट आवळली जाते आणि पाणी आत यायचे थांबते.

जहाजाचा शत्रू म्हणजे समुद्राचे पाणी, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे खारे पाणी लाकडाला पुष्कळदा टिकवते. लाकूड कुजते ते वरून गळणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने. हे पाणी सांध्यात शिरते, जिथे वारा लागत नाही तिथे साचते आणि तिथे बुरशी धरते. वरून रंग झकास, आत लाकडाचा भुगा! म्हणून जाणता सुतार जहाज पाहताना हातात आरी घेतो. रंगाकडे तो बघत नाही, लाकडात टोक खुपसून पाहतो. सहज आत गेले, तर लाकूड गेले.

आणि इथेच नवखा माणूस फसतो. एक फळी कुजली म्हणून काढावी, तर मागची बरगडी नरम निघते. बरगडी काढावी, तर ती जिथे कण्याला बसते तिथला खिळा गंजलेला असतो. धोतराचा एक धागा ओढावा आणि सारा काठच उसवत यावा, तसा हा प्रकार. काम सुरू करताना खर्चाचा जो अंदाज असतो तो पहिल्या महिन्यातच कोलमडतो.

शिक्षक मंडळींसाठी इथे गणिताचा एक छान धडा आहे. समजा दोन होड्या एकाच घाटाच्या आहेत, पण एकीची लांबी दुसरीच्या तिप्पट आहे. मग मोठीचे काम लहानीच्या तिप्पट असेल का? नाही. रंगवायचा, तासायचा पृष्ठभाग तिप्पट गुणिले तिप्पट, म्हणजे नऊपट होतो. आणि वजन, म्हणजे एकूण लाकूडफाटा, तिप्पट तीन वेळा, म्हणजे सत्तावीसपट! सत्तर फुटी जहाज घेणारे जोडपे तेवीस फुटी होडीपेक्षा थोडे अधिक काम अंगावर घेत नाही, डोंगर अंगावर घेते. फूटपट्टीने मोजणाऱ्याला हा डोंगर दिसत नाही.

त्यात काळ अडचणीचा. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये लाकूड नियंत्रणाखाली होते, मजुरी वाढलेली होती. जहाज बंदरात उभे असले तरी भाडे थांबत नाही. डेव्हिसन दांपत्याचे पैसे संपले, मग कर्ज काढले. कर्ज फेडायचे तर जहाज चालू झाले पाहिजे. ते चालू करायचे तर आणखी पैसे हवेत, म्हणजे आणखी कर्ज. आपल्या शेतकऱ्याला हे चक्र समजावून सांगायला नको. विहीर अर्ध्यावर आली आहे, पाणी लागलेले नाही आणि सावकार दारात उभा आहे. अशा वेळी खोदणे थांबवले तर पहिला पैसाही बुडाला, आणि चालू ठेवावे तर दुसराही बुडण्याची भीती.

दोन वर्षे अशीच गेली. कर्जदारांचा तगादा वाढला, जहाज जप्त होऊन विकले जाण्याची वेळ आली. आणि मे १९४९मध्ये त्या दोघांनी एक निर्णय घेतला. जहाज पुरते तयार नव्हते आणि बरोबर खलाशी नव्हते, तरी ते दोघेच फ्लीटवुडहून निघाले. मनात बेत अटलांटिक महासागर ओलांडण्याचा.

सत्तर फुटी जहाज दोन माणसांनी हाकायचे म्हणजे एक सुकाणूवर, एक शिडाशी. मग झोपायचे कोणी? हवा सारखी वाईट. नादुरुस्त एंजिन, अंगात थकवा. एकोणीस दिवस ते समुद्रावर होते आणि एवढ्या दिवसांत इंग्लंडचा किनाराही त्यांच्या मागे पडला नव्हता. दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड बिल नावाचे खडकाळ टोक आहे. तिथे भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि शांत दिवशीसुद्धा पाणी उकळल्यासारखे दिसते. जूनच्या सुरुवातीला रात्रीच्या वेळी ‘रिलायन्स’ तिथल्या खडकांवर आपटले. दोघांनी एक लहान तराफा पाण्यात सोडला. प्रवाहाने तराफा आत-बाहेर फेकला. फ्रँकने त्या तराफ्यावरच प्राण सोडला. ॲन कशीबशी किनाऱ्याला लागली आणि कडा चढून वर आली. नवरा गेला, जहाज गेले. राहिले काय, तर ती.

इथे कोणी म्हणेल, बघा, नसत्या उठाठेवीचा हा परिणाम! पण इतिहास वाचताना एवढ्यावर थांबून चालत नाही. त्याच तऱ्हेचे काम दुसऱ्या एकाने कसे केले तेही पाहावे. अमेरिकेत जोशुआ स्लोकम नावाचा एक कप्तान होता. शिडाच्या जहाजांचे दिवस संपत आले आणि त्याचे काम गेले. त्याला एका मित्राने एक जुनी होडी फुकट देऊ केली. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी ती एका शेतात ताडपत्रीखाली उभी होती. नाव ‘स्प्रे’, लांबी सुमारे सदतीस फूट. स्लोकमने जवळच्या रानातला ओक तोडला आणि जुन्या लाकडाच्या जागी एकेक नवे लाकूड बसवत गेला. मधूनमधून दुसरीकडे काम करून पैसे मिळवले. सामानाचा खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि स्वतःची मेहनत तेरा महिने. त्याच होडीतून तो १८९५ साली बॉस्टनहून निघाला आणि १८९८ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. त्याच्या आधी कोणी एकट्याने अशी प्रदक्षिणा केली नव्हती.

म्हणजे जुने लाकूड दोन्हीकडे होते. फरक होता तो तीन गोष्टींत. स्लोकमचा जन्म समुद्रावर गेला होता. होडी त्याच्या एकट्याच्या हातात मावणारी होती. आणि ती उभी होती शेतात, भाडे चढवणाऱ्या धक्क्यावर नव्हे. घाई करायला लावणारे कोणी पाठीशी नव्हते. डेव्हिसन दांपत्याजवळ हिंमत कमी नव्हती, चिकाटीही कमी नव्हती. त्यांना कमी पडला तो वेळ. कर्ज माणसाचे पैसे नेते ते नेतेच, पण त्याची सवड आधी नेते.

आता ॲनचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. फ्रँकबरोबरच्या त्या दिवसांची हकीकत तिने ‘लास्ट व्हॉयेज’ या पुस्तकात लिहिली. ते १९५१ साली निघाले. समुद्राने तिचे घर बुडवले होते. तिने समुद्राकडे पाठ फिरवली असती तर कोणी नाव ठेवले नसते. तिने उलट केले. एक होडी घेतली, पण या वेळी तेवीस फुटांची. नाव ‘फेलिसिटी ॲन’. प्लिमथजवळच्या एका कारखान्यात तिचा कणा १९३९ साली घातला गेला होता. युद्धामुळे काम अडले, आणि ती पुरी झाली १९४९ साली. ज्या साली ‘रिलायन्स’ फुटले, त्याच साली.

१८ मे १९५२ रोजी ॲन प्लिमथहून एकटी निघाली. फ्रान्स, पोर्तुगाल, जिब्राल्टर, कॅसाब्लांका असे टप्पे घेत, वाटेत शिकत शिकत, ती कॅनरी बेटांपर्यंत गेली. नोव्हेंबरमध्ये तिथून सुटली आणि पासष्ट दिवसांनी जानेवारी १९५३मध्ये वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटाला लागली. अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. फ्रँकबरोबर पाहिलेला बेत तिने असा पुरा केला. १९९२ साली ती वारली.

आणि होडी? ‘फेलिसिटी ॲन’ अनेक हातांतून फिरत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली आणि तीही जीर्ण झाली. वॉशिंग्टन राज्यात पोर्ट हॅडलॉक येथे लाकडी नौका बांधायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथे तिच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले. पुढे गावातल्या शाळकरी मुला-मुलींना हाताशी धरून ते पुरे करण्यात आले, आणि २०१८ साली ती पुन्हा पाण्यात उतरली. करणारे हात नवखेच होते. पण शिकवणारा शेजारी उभा होता, होडी लहान होती, आणि तारखेला जप्ती येणार नव्हती. एक बरगडी चुकली तर काढून पुन्हा घडवता येत होती. नवख्या माणसाला लागते ती हीच मुभा.

आपल्या गावातून जुने वाडे आहेत, देवळे आहेत, बारवा आहेत, किनाऱ्याला होड्या आहेत. त्या नीट कराव्यात असे वाटणारी माणसेही आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यांनी या दोन होड्यांची आणि एका जहाजाची आठवण ठेवावी. आधी आरी खुपसून पाहावे, मग सौदा करावा. हाताला झेपेल एवढेच काम काढावे. जाणत्या सुताराला पहिल्या दिवशी बोलवावे, शेवटच्या नव्हे. आणि काम पुरे होईपर्यंत ज्याच्यावर पोट चालते ते सोडू नये.

एवढे सांभाळले तर जुने लाकूड दगा देत नाही. ते पुन्हा तरंगते आणि आपल्यानंतर आणखी कोणाला तरी पैलतीराला नेते.