'अनलिमिटेड' महोत्सव: इथे व्हीलचेअरही नाचते

2012च्या पॅरालिम्पिकच्या दिवसांत लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये 'अनलिमिटेड' हा दिव्यांग कलाकारांचा महोत्सव भरला. डान्स, नाटक, संगीत, सगळंच. पण या नाचाची गोष्ट त्याहून जुनी आहे. नर्तिका सेलेस्ट डँडेकर 1973मध्ये प्रयोग सुरू असतानाच स्टेजवर पडल्या आणि व्हीलचेअरवर आल्या. करिअर संपलं? नाही! 1991मध्ये त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासोबत 'कँडोको' सुरू केली. दिव्यांग आणि इतर नर्तक एकत्र नाचणारी ही कंपनी आजही ओळखली जाते.

प्रेक्षकांचं काय? सांकेतिक भाषा असतेच, पण 'रिलॅक्स्ड' शो भारी आहेत. आवाज करा, मध्येच बाहेर जा, कुणी डोळे वटारत नाही. स्वमग्न मुलाला थिएटरात नेलेल्या पालकांना विचारा, याचं मोल काय ते.