रंगीत काच आणि वास्तूतील प्रकाश

भिंतीवरील चित्र त्यावर पडणाऱ्या प्रकाशात दिसते. स्टेन्ड ग्लासची खिडकी मात्र तिच्यातून प्रकाश आरपार जाऊ लागला की उजळते. पाठीमागे उजेड नसेल, तर उत्तमातील उत्तम काचचित्रही काळपट फळीसारखे भासते. म्हणूनच ही कला चित्रकाराइतकीच वास्तुशिल्पीचीही आहे. खिडकी कोणत्या दिशेला आहे, तिच्यामागे आकाश आहे की शेजारच्या इमारतीची भिंत, हे ठरल्याशिवाय काचेचा रंग ठरवता येत नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या कलेने जे आधुनिक वळण घेतले, त्यामागेही हीच जाणीव आहे.

काच रंगते कशी?

अस्सल स्टेन्ड ग्लासमध्ये बहुतेक रंग काचेच्या अंगचाच असतो. काच वितळलेल्या अवस्थेत असताना तीत धातूंची संयुगे मिसळली जातात. कोबाल्टमुळे गडद निळा, मँगनीजमुळे जांभळा, तर सोन्याच्या क्षारामुळे गुलाबी ते माणकासारखा लाल रंग येतो. चांदीच्या संयुगाचा लेप देऊन काच भट्टीत भाजण्याची युक्ती युरोपात चौदाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. त्यातून काचेत पिवळी छटा मुरते. काटेकोर अर्थाने ‘स्टेन’ हा शब्द या छटेलाच लागू पडतो.

कारागीर प्रथम कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढतो. त्यानुसार हिरकणीने वा कटरने काचेचे तुकडे कापले जातात. दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत ते बसवले जातात, सांध्यांवर डाख दिला जातो आणि फटींत लांबी भरली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कार्यशाळेमुळे दुसरी पद्धत लोकप्रिय झाली. तीत तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून ते डाखाने जोडतात. बारीक नक्षी आणि दिव्यांच्या गोलाकार छत्र्या यांसाठी ही पद्धत अधिक सोयीची ठरते.

प्रार्थनास्थळापासून बाजारपेठेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील अनेक चर्च उद्ध्वस्त झाली. त्यांच्या पुनर्बांधणीत वास्तुशिल्पी आणि काचकलावंत एकत्र आले. बर्लिनचे कैसर विल्हेल्म स्मारक चर्च हे त्याचे ठळक उदाहरण. एगॉन आयरमान यांनी रचलेल्या आणि १९६१ साली खुल्या झालेल्या या अष्टकोनी चर्चच्या भिंती काँक्रीटच्या जाळीच्या आहेत. त्या जाळीत गाब्रिएल ल्वार यांनी घडवलेल्या वीस हजारांहून अधिक काचा आहेत. भिंती दुहेरी असून मधल्या पोकळीत दिवे आहेत. त्यामुळे रस्त्यावरचा गोंगाट आत कमी पोचतो आणि सूर्य मावळल्यावरही निळाई टिकते. येथे काच भिंतीला जोडलेली नाही. तीच भिंत झाली आहे.

ब्रिटिश कलावंत ब्रायन क्लार्क (१९५३–२०२५) यांनी ही कला धार्मिक वास्तूंच्या बाहेर नेण्याचा आग्रह धरला. लीड्स शहरातील व्हिक्टोरिया क्वार्टर या बाजारपेठेत एक संपूर्ण रस्ता त्यांनी १९९० साली रंगीत काचेच्या छताखाली आणला.

जर्मनीतील कोलोन कॅथेड्रलची दक्षिणेकडील भव्य खिडकी युद्धात नष्ट झाली होती. तेथे नंतर बसवलेल्या साध्या काचेतून डोळे दिपवणारा उजेड आत येई. २००७ साली गेरहार्ड रिश्टर यांनी तेथे ७२ रंगांचे ११ हजारांहून अधिक चौकोन योजले. त्यांत ना संत आहे, ना कथा. कोलोनच्या तत्कालीन कार्डिनलनी त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. पण खिडकी राहिली, आणि प्रखर उन्हाचे रंगीत झिरपणे हाच तिचा विषय ठरला.

मुंबईचा वारसा

मुंबईत या कलेची ओळख एकोणिसाव्या शतकातील वास्तूंमधून झाली. कुलाब्याचे अफगाण चर्च, राजाबाई टॉवरची इमारत आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे आजही रंगीत काचा पाहता येतात. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातील वर्तुळाकार खिडकीत बारा राशी आहेत. पावसाळी दमटपणा आणि धूळ यांमुळे अशा खिडक्यांची लांबी सुटते आणि वजनाने शिशाच्या पट्ट्या वाकतात. राजाबाई टॉवरच्या जतनाचे काम २०१५ साली पूर्ण झाले. असे काम दर पिढीला करावे लागते. ते करणारे कुशल हात टिकले नाहीत, तर या खिडक्याही टिकणार नाहीत.

घरात योजताना

फ्लॅटमध्ये स्टेन्ड ग्लास बहुधा सजावटीच्या अखेरीस आठवते. वास्तविक तिचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हायला हवा. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला गडद रंग पेलतात, तर उत्तरेच्या शांत उजेडाला फिकट काच मानवते. जिन्याची उंच खिडकी, देवघराचे दार वा दाराच्या वरचे तावदान या त्यासाठी उचित जागा होत. रात्री आत दिवे लागले की खिडकीतील रंग बाहेरून दिसतात, आतून मात्र मावळतात. ज्या भिंतीमागे आकाशच नाही, तेथे दुधी काचेआडून पसरणारा पांढरा प्रकाश द्यावा लागतो.

बाजारात या नावाखाली अनेकदा एकाच अखंड काचेवर रंगीत फिल्म आणि चिकटवलेल्या पट्ट्या विकल्या जातात. किंमत कमी असल्याने त्यांनाही स्थान आहे, पण उन्हाने फिल्मचा रंग उडू शकतो. काचेच्या अंगचा रंग पिढ्यानपिढ्या टिकतो. अस्सल कामात प्रत्येक रंगाचा तुकडा स्वतंत्र असतो, हे पारखून घ्यावे.

शिसे विषारी असल्याने लहान मुलांचा हात पोचेल तेथे दोन टफन्ड काचांच्या मध्ये तावदान बसवणे श्रेयस्कर. त्यामुळे धूळही अडते. जुन्या, रंगकाम केलेल्या काचेवर तीव्र रसायने वापरू नयेत. मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि काच सैल झाल्यास जाणकारालाच पाचारण करावे. पट्टीतले शिसे बदलता येते, पण मूळ काच फुटली की तीच छटा पुन्हा मिळेलच असे नाही.