ऊसतोडणी यंत्र
उभा ऊस बुडापासून कापून कांडी व पाचट वेगळे करणारे स्वयंचलित यंत्र, बोलीत ‘हार्वेस्टर’. कांडी करणाऱ्या यंत्राचा विकास मुख्यतः ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये झाला. पुढची पाती शेंडा छाटतात, जमिनीलगतच्या फिरत्या चकत्या बुडखा कापतात, आतील पाती वीतभर तुकडे करतात, पंखा पाचट उडवतो आणि कांडी शेजारच्या ट्रॉलीत पडते. सरीचे अंतर साडेचार-पाच फूट लागते. कळमनुरीसारख्या (→ हिंगोली जिल्हा) काळ्या जमिनीच्या तालुक्यात पावसानंतर वाफसा येईपर्यंत यंत्र रानात घालता येत नाही. कांडी लवकर आंबते, म्हणून गाळप त्वरित व्हावे लागते. मजूरटंचाईमुळे (→ ऊसतोड कामगार) महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४०%, कमाल ३५ लाख रुपये अनुदान मंजूर केले.