आर्चवे रोडची सुनावणी

जपून! फुटपाथच्या कडेला उभे राहू नका, तो ट्रक डबक्यातूनच जाणार आहे. झालं, भिजली पँट! असू द्या. 1976 साल सरत आलंय आणि तुम्ही उत्तर लंडनमध्ये, आर्चवे रोडवर, हायगेट स्टेशनबाहेर उभे आहात. हा ए-1, उत्तरेकडून लंडनमध्ये शिरणारा हमरस्ता. चढावर ट्रक गिअर बदलतात तेव्हा पायाखालची फरशी थरथरते. तोंड उघडून श्वास घेतलात तर जिभेवर डिझेलची चव येते. हायगेट वूडमधल्या कुजक्या पानांचा ओला वास मधूनच येतो, पण पुढचा ट्रक तो पुसून टाकतो.

उतारानं चालू लागा. ही विटांची घरं, खालची दुकानं नीट बघून ठेवा. यातली बरीच पाडून इथे दुभाजकाचा रुंद रस्ता करायचा, असं सरकारनं ठरवलंय. ज्यांचं घर नकाशावरच्या रेषेत आलं, त्यांची पंचाईत बघा: विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि छप्पर गळलं तर ते शाकारायचं कुणाच्या भरवशावर? डोक्यावरच्या लोखंडी पुलाखालून जाताना कानावर हात ठेवा.

आता सभागृह. या रस्त्याची जाहीर सुनावणी इथेच चालू आहे. दारात पोलीस आहेत, घाबरू नका, आत घुसा. आधी अंगावर येते ती ऊब: ओल्या लोकरी कोटांची, दाटीवाटीनं बसलेल्या माणसांची. पाइपच्या तंबाखूचा धूर दिव्यांखाली लोंबकळतोय. एक आजीबाई पिशवी उचलून तुम्हाला जागा करून देतात आणि थर्मासच्या झाकणात दुधाळ चहा ओततात. घ्या, नाही म्हणू नका.

व्यासपीठावर इन्स्पेक्टर. इथे इन्स्पेक्टर म्हणजे सुनावणी चालवून अहवाल देणारा अधिकारी. ते कागद सरळ करतात, बोलायला तोंड उघडतात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "तुमची नेमणूक कुणी केली?" सगळ्यांना उत्तर ठाऊक आहे. रस्ता ज्या सरकारला हवाय, त्याच सरकारनं. टाळ्या सुरू होतात. कौतुकाच्या नव्हेत, संथ, एका ठेक्यात. त्या ठेक्यात पाय आपटू लागतात. लाकडी जमिनीची धडधड तुमच्या पोटऱ्यांत चढते. तुमचेही पाय हलतायत, कळतंय का?

आवाज ओसरला की एक बाई उभ्या राहतात. हातातली टिपणं थरथरतायत, आवाज मात्र खणखणीत. "रस्ता कुठून न्यायचा हे नंतर. तो हवाच कशाला, ते आधी सांगा." उत्तर येतं की रस्त्यांची गरज आणि पुढच्या वाहतुकीचे अंदाज हा धोरणाचा भाग, त्यावर इथे चर्चा नाही. मला इथे त्या बाईंची बाजू शंभर टक्के पटते. घर जाणार त्यांचं, आणि नेमका हाच प्रश्न त्यांना विचारता येत नाही! शेफील्डचे व्याख्याते जॉन टाइम गावोगावच्या सुनावण्यांत उभे राहून याच अन्यायावर बोट ठेवतायत. गरज सिद्ध होईपर्यंत सुनावणी चालू द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. ते या सभागृहातल्या खुर्च्यांपर्यंत पोचलंय.

पुन्हा गोंगाट. इन्स्पेक्टरांचे ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. अखेर कामकाज तहकूब!

आजीबाई झाकण पुसून थर्मासला लावतात आणि विचारतात, "वाचेल का हो आमचं घर?" 1990 साली सरकार ही योजना सोडून देणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण तोवर त्यांना अजून किती वर्षं गळक्या छपराखाली काढायची आहेत, हेही माहीत आहे. इतक्यात शेजारचा तरुण फलकाची एक काठी तुमच्या हातात देतो, "धरा, बाहेर रस्त्यावर जायचंय." धरा घट्ट. दारात गर्दी फार आहे.