स्थलांतरित शेतमजूर व अनुबोधपट

हंगामापुरते गाव सोडून परमुलखात शेतीकाम करणाऱ्या मजुरांचे अनुबोधपटांतून घडलेले चित्रण. अमेरिकेत अशा मजुरांच्या दैन्याकडे मोठ्या प्रेक्षकवर्गाचे लक्ष वेधले ते दूरचित्रवाणीसाठी तयार केलेल्या हार्व्हेस्ट ऑफ शेम (१९६०) या अनुबोधपटाने. पीक हाती येईल तसतशी फ्लॉरिडाकडून उत्तरेस सरकणारी मजूर-कुटुंबे त्यात दिसतात. थँक्सगिव्हिंग या सुगीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९६० रोजी, तो दाखविण्यात आला. निवेदक एडवर्ड मरो हे १९६१ मध्ये अमेरिकन शासनाच्या माहितीसंस्थेचे संचालक झाले, तेव्हा बीबीसीने हाच अनुबोधपट दाखवू नये म्हणून त्यांनीच खटपट केली. ती निष्फळ ठरली. मजूर यात बोलतात खरे. पण उपाय सुचवितो तो निवेदक आणि आवाहन असते ते प्रेक्षकांना.

मुंबईचे आनंद पटवर्धन (१९५०– ) यांच्या अ टाइम टू राइज (१९८१) मध्ये मजूर स्वतःच कर्ते झालेले आढळतात. विद्यार्थिदशेत अमेरिकेत असताना पटवर्धन यांनी सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत स्वयंसेवक म्हणून काम केले होते. जिम मन्रो यांच्यासह केलेला हा सु. ४० मिनिटांचा अनुबोधपट कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील भारतीय (मुख्यतः पंजाबी) व चिनी स्थलांतरितांविषयी आहे. मळेवाला व मजूर यांच्यामध्ये ठेकेदार उभा. मजुरी त्याच्या हातून, कपात होऊन मिळणारी. कामगार-कायद्यांचे संरक्षण शेतमजुरांना बव्हंशी नाकारलेले. या स्थितीत एप्रिल १९८० मध्ये ‘कॅनेडियन फार्मवर्कर्स युनियन’ स्थापन झाली. तिच्या उभारणीचा व संघर्षाचा हा आलेख आहे.

ठेकेदारीची ही रीत महाराष्ट्रातील प्रेक्षकाला परकी वाटू नये. बुलढाणा, जालना, बीड इ. जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर कष्टून फेडावयाची असते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी मराठीसह अनेक भाषांतून दाखविले जात. शेतीविषयक पटांत भर असे तो मुख्यत्वे धरणे, सुधारित बियाणे व खते यांवर. ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीची गणना ‘एक कोयता’ अशी होते. उचलही कोयत्यावरच ठरते आणि बायकोची मजुरी वेगळी मांडली जात नाही.